चौथं बटण

न्हावरे,
१८ एप्रिल २००४

ती. रविदादास,
नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. कांदा काढून झाला. आता मुद्द्याचं.

आबांची वाचा गेल्यावर दिवाळीत तूच तो बोर्ड बनवलास. खाटेला चार बटणं, गोठ्यात बेल आणि डिस्प्ले. पाणी, दुखतंय, बाहेर. शब्द इंग्रजी अक्षरांत, तरी आईनं ते आकारावरून ओळखायला शिकून घेतले. चौथं बटण माझं आणि आबांचं, असं म्हणून तू हसलास. तेव्हा दर आठवड्याला यायचास, म्हणून आबांनी ते कधी दाबलं नाही.

संक्रांतीपासून तू आला नाहीस आणि डिस्प्ले कोरा. बेल मात्र वाजते. मी फोन केला तर बोर्ड न बघताच दौंडहून सांगितलंस की डिस्प्ले जळाला, नवीन आणतो. तू क्लासात पोरांना हेच शिकवतोस म्हणून मी विश्वास ठेवला. तीन महिने.

काल सुट्टी होती. कंपनीतून मल्टिमीटर मागून आणला होता. पाच व्होल्ट बरोबर, ग्राउंड बरोबर, डेटाच्या चारही वायरी शाबूत. मग डिस्प्लेची तिसरी पिन बघितली. अक्षरं गडद-फिकी करायचा स्क्रू असतो तो काँट्रास्टचा निळा प्रीसेट जागेवर नाही. सोल्डर ओढायच्या पंपानं सफाईनं उपसलेली तीन भोकं. जळालेला पार्ट असा निघत नाही रे, दादा. मी दिवसभर सोल्डरिंगच करते.

आईला विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, "त्याला क्लासच्या बोर्डाला पायजे व्हता, न्हेला त्यानं. आणून देतो म्हणालाय. तू त्याला काय बोलू नगंस."

म्हणजे तिला माहीत होतं आणि तुलाही. तुझी लाज झाकायला ती कोऱ्या काचेपुढे बसून राहिली. माझं डोकं फिरलं. तुला सगळे हुशार म्हणतात ना? एवढासा पार्ट दौंडात मिळत नव्हता?

सुटे पार्ट लागले तर म्हणून सुपरवायझरला विचारून एक भंगार बोर्डही आणला होता, त्यावरचा प्रीसेट काढून बसवला. स्क्रू फिरवला तशी अक्षरं हळूहळू वर आली. चिप सगळं लिहीतच होती, फक्त दिसत नव्हतं. मी आबांना हाक मारली, हवं ते बटण दाबा म्हटलं. बेल वाजली. डिस्प्लेवर तुझं नाव आलं. परत दाबा म्हटलं. परत तुझंच नाव.

तीन महिने बेल वाजली की आम्ही त्यांना पाणी पाजत होतो. ते तांब्या ढकलायचे, आम्ही म्हणायचो चिडके झालेत. होळीच्या दिवशी बेल थांबेना म्हणून मी त्यांच्या हातावर चापट मारली. हे आईलाही माहीत नाही. तुझ्यावरचा राग मोठा की माझा माझ्यावरचा, मला सांगता येत नाही.

नवीन डिस्प्ले आणू नकोस, आणि साहेबासारखा मिठाईचा पुडाही आणू नकोस. रविवारच्या एसटीनं तू ये. आला नाहीस तर चौथ्या बटणाची वायर मी कटरनं कापीन. आबांचं बोट कसं थांबवायचं, ते मात्र तूच कळव.

अजून तरी तुझी बहीण,
धनश्री