भिंतीपलीकडचा खोकला

ती. आईस, दमल्या पायांचा नमस्कार.

माझी तब्येत ठणठणीत आहे, काळजी नको. कचेरीत दिवसभर शहराबाहेरच्या नव्या वसाहतींचे रस्ते नकाशावर चढवतो. एक रस्ता दुसऱ्याला मिळेल तर शपथ! माझी गल्लीही भिंतीपाशीच संपते. भिंतीपलीकडे एक आजी राहतात. त्यांचा खोकला ओळखीचा, तोंड कधी पाहिलेलं नव्हतं.

परवा सकाळपासून खोकला ऐकूच येईना. मला राहवेना. हाकेच्या अंतरावरच्या घरासाठी हमरस्त्याने तासभर वळसा घातला, पार थकलो.

आजी धडधाकट! दार उघडून म्हणाल्या, "शिंकणारा तूच ना रे? महिनाभर ऐकतेय. आईला कळवलंस का?"

म्हणून कळवतोय, वरचं 'ठणठणीत' खोडलेलं समज. आता तूही तुझ्या गुडघ्यांचं खरं काय ते लिही.

तुझा,
शेंबड्या