पत्रिकेचा पिवळा

आई,

तुझा पिवळा परत आलाय. तू गेल्यापासून मी तो जमवायला बघत होते आणि काही केल्या जमत नव्हता, तो यंदा आपसूक आला, म्हणून तुला लिहायला बसले. दुकान अजून खांदा कॉलनीतच आहे, तुझ्याच गाळ्यात. आजूबाजूचे टायपिंगवाले, झेरॉक्सवाले कधीच गाशा गुंडाळून गेले. लोक आता लग्नाची पत्रिका मोबाइलवर पाठवून मोकळे होतात, पण हळदीची पत्रिका अजून हातातच द्यावी लागते. आपल्या आगऱ्यांचं तुला काय सांगायचं! लग्नाला नाही आलात तर चालेल, हळद चुकवलीत तर वर्षभर तोंड फिरवतील. आणि पत्रिकेवरची ती पिवळी पट्टी मनासारखी नसली की वर कितीही सोनेरी गणपती छापा, बायका नाक मुरडतातच.

हे काम तू मला शिकवलंस तेही ओरडून. मी कॉलेजात होते. वर्डमध्ये एका पत्रिकेला पिवळा दिला, स्क्रीनवर काय देखणा दिसत होता, आणि तुला न विचारता सगळा गठ्ठा छापला. कागदावर निघालं लिंबू सरबत. तू तो गठ्ठा माझ्यापुढे आपटलास आणि म्हणालीस, "स्क्रीन आतून पेटलेली असते, कागद नसतो. दिव्याखाली साडी घेतेस का कधी?" मग मला शटरच्या बाहेर उजेडात नेलंस, स्वतःच्या डाव्या हाताची आतली बाजू वर केलीस आणि छापलेला तुकडा त्यावर ठेवलास. हाताशेजारी रंग फिका वाटला की आत यायचं, रंगांच्या खिडकीत 'कस्टम' उघडायचं, आणि लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांपैकी हिरवा जरासा खाली आणायचा, म्हणजे पिवळा तापतो, केशरीकडे झुकतो. पुन्हा छापायचं, पुन्हा बाहेर जायचं. हाताला नुकतीच हळद लावल्यासारखं दिसलं की त्या रंगाला नाव देऊन सेव्ह करायचं. मी विचारलं, हातच का? तू म्हणालीस, कागद बदलतो, शाई बदलते, प्रिंटर तर दर पावसाळ्यात वेगळाच वागतो, हात तेवढा आपला राहतो. मी अजूनही तसंच करते, आणि गिऱ्हाईक बघून हसतं.

तू गेलीस आणि त्याच वर्षी तुझा कॉम्प्युटरही बसला. सेव्ह केलेले रंग त्याच्याबरोबर गेले. नव्या मशीनवर मी माझ्या हातावर माझा पिवळा जुळवला, तो वाईट नव्हता, पण तुझ्यापेक्षा उणाच. जुनी गिऱ्हाइकं तोंडावर सांगायची, तुझ्या आईच्या हळदीची गोष्टच वेगळी होती. ऐकून माझं डोकं फिरायचं. म्हटलं, जा मग तिच्याकडे.

मध्यंतरी पळस्प्याकडच्या एक मावशी आल्या. त्यांच्या थोरल्या लेकीची पत्रिका तू केली होतीस, तुझ्या शेवटच्या हंगामात. ती त्यांनी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली होती, म्हणून उन्हाचा डाग नाही की काही नाही. आता नातीची हळद आहे आणि त्यांना अगदी तोच रंग हवा. मी मनात म्हटलं, झालं, आता हिच्यापायी आठवडा जाणार. नुसता अंदाज यावा म्हणून माझा सेव्ह केलेला पिवळा छापून दिला. मावशींनी बाहेर उजेडात दोन्ही कागद शेजारी धरले. मी उभी आहे, रिक्षा जातायत, आणि त्या दोन पट्ट्यांमधली रेघ मला दिसत नाहीये. मावशी म्हणाल्या, "बग गो, जराबी फरक नाय. तुजी आयस बसलीय का आत?" आणि हसत हसत त्यांनी खरंच गाळ्यात डोकावून बघितलं. मीही वळून बघितलं. खुर्ची रिकामी होती. स्क्रीनवर रंगांची खिडकी उघडीच राहिली होती, त्यातल्या चौकोनात वर नवा रंग, खाली आत्ताचा, दोन्ही सारखे. अंगावर सर्रकन काटा आला. पण भीती नाही वाटली, आई. वेडी म्हण मला, मी खूश झाले. मनातल्या मनात म्हटलं, आलीस ना?

तुझ्या त्या हंगामातले नमुने माळ्यावर होते. प्रत्येक ऑर्डरमधली एक पत्रिका तू बाजूला ठेवायचीस. मी ते काढून काउंटरवर तारखेने मांडले, शटर पूर्ण वर करून. तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिका नेहमीच्या पिवळ्या आहेत. मार्गशीर्षातल्या जरा तापलेल्या. माघातल्या त्याहून. चैत्रातली तर केशरी म्हणावी अशी. त्या वर्षी सगळे म्हणत होते, ताई, यंदाची हळद काय खुलली! तुला किती बरं वाटायचं. पुढे तुझे डोळे पिवळे झाले तेव्हा कुठे आम्हाला कळलं. गावाहून काविळीची माळ आणून तुझ्या डोक्यावर ठेवली, ती वाढत वाढत खांद्यावर उतरली, आणि कावीळ उतरली म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. डॉक्टर म्हणाले, यकृत केव्हापासूनच खराब होत होतं, आणि हे रक्ताच्या नात्यात येऊ शकतं, मुलीने जपून राहावं. नमुने बघताना सगळं एकदम लक्षात आलं. तुझा हातच पिवळा होत चालला होता गं. पिवळ्या हाताशेजारी कुठलाही पिवळा फिकाच दिसणार, आणि तू हिरवा खाली आणत राहिलीस. आणि आता माझं मशीन नवं, प्रिंटर नवा, शाई वेगळी, तरी रंग तुझाच निघतोय. जुनी राहिली आहे ती फक्त हातावर बघायची सवय, आणि हात माझा आहे.

मावशींची ऑर्डर छापायच्या आधी मी तुझ्या नातीला हाक मारली. ती हल्ली माझ्याबरोबर दुकानात असते, तुझ्यासारखीच फटकळ आहे. म्हटलं, तुझ्या हातावर बघ जरा, माझे डोळे दमलेत. तिने बाहेर जाऊन तुकडा हातावर ठेवला आणि खो खो हसली. "आई, ही हळद आहे का आमरस?" मी म्हटलं, माझ्या हातावर तर बरोबर दिसते. मग तिने तिचा हात माझ्या हाताला लावून धरला, उजेडात, आणि तिचं हसू थांबलं. मग बोटाने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघितलं. "शटर ओढ," ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता."

कामोठ्याला डॉक्टरांनी रक्त घेतलं. रिपोर्ट उद्या येईल. ते म्हणाले, तुझ्या वेळी नव्हती ती औषधं आता आहेत, वेळेत धरलं असेल तर घाबरायचं कारण नाही. वेळेत, हा शब्द ते दोनदा बोलले. पोरगी दुकानात गेलीये, स्वतःच्या हातावर नवा पिवळा जुळवतेय, तो फिका निघणार आणि मावशी रुसणार. मी घरी एकटी बसून हे लिहितेय. हे काही कुठे पाठवायचं नाही, पोरगी यायच्या आत फाडून टाकेन.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून लक्षात आलं? मी म्हटलं, आठवडा झाला असेल. पोरगी शेजारी बसली होती, दुसरं काय सांगणार होते? तुझ्याशी कशाला खोटं बोलू. नमुने मी मावशी यायच्या कितीतरी आधी मांडले होते, दिवाळी संपल्या संपल्या. तेव्हाच सगळं कळलं होतं. तरी रोज बाहेर जाऊन हातावर तुकडा ठेवत होते आणि हिरवा खाली आणत होते. दर वेळी रंग तुझ्या आणखी जवळ जात होता, आणि इतक्या वर्षांनी दुकानात तू असल्यासारखं वाटत होतं. औषध घेतलं तर तू परत जाशील, म्हणून मी गेले नाही.