नकाराची जागा

सोमवार, ३
आले बाई एकदाची! तीन महिने घरी बसून दादाचं डोकं खाल्लं. नोकरी लागली म्हटल्यावर तो स्वतः बॅग उचलून स्टेशनपर्यंत आला. मनोरुग्णालय म्हणून त्याचा चेहरा पडला होता, पण इथली टापटीप बघितली असती तर गप्प बसला असता. खिडक्यांत कुंड्या, आवारातच राहायला खोली. काम सोपं आहे. डॉक्टर औषध लिहितात, मी संमतीपत्र घेऊन पेशंटकडे जायचं, चार पानं समजावून सांगायची आणि सही घ्यायची. नवीन औषधाला तर लागतेच, पण जुन्यालाही दर सहा महिन्यांनी लागते. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आधीची बाई तासाला वीस सह्या आणायची. मी मनात म्हटलं, वाचत नसेल.

बुधवार, ५
वाचत नव्हतीच! आज एका आजोबांना दुसरं पान वाचून दाखवलं. तोंडाला कोरड, वजन वाढणं, हात थरथरणं. ते माझ्याकडे बघतच राहिले. सहा वर्षं हीच गोळी घेतोय, म्हणाले, चहा का सांडतो ते आज कळलं. तरी सही केली, कारण गोळीने झोप लागते. मला उगाचच अभिमान वाटला. दिवसभरात सह्या मात्र नऊच झाल्या.

शुक्रवार, ७
अकरा नंबरच्या खाटेवरच्या बाई घड्याळं दुरुस्त करतात. स्वतःचं दुकान आहे. बहीण गेल्यापासून झोप उडाली, जेवण सुटलं, म्हणून आपण होऊन इथे आल्या. चारही पानं नीट ऐकली आणि विचारलं, हात थरथरणार नाही असं दुसरं काही मिळेल का. हात गेला तर दुकान गेलं. इतका सरळ प्रश्न. पण फॉर्मवर नकाराला जागाच नाही. मग सहीच्या रेघेखाली मीच लिहिलं, ‘रुग्णाने पूर्ण ऐकून नकार दिला. दुसरं औषध विचारतात.’

मोठ्या सिस्टरांनी तो कागद मेलेलं झुरळ उचलावं तसा दोन बोटांत धरला. रागावल्या नाहीत. आपण असं लिहीत नाही, एवढंच म्हणाल्या.

शनिवार, ८
अकराच्या फाईलमध्ये नवा फॉर्म आहे. त्यावर सही आहे, वाकडीतिकडी, रेघेवरून खाली घसरलेली. काल दुपारी इंजेक्शन दिलं, बाई शांत झाल्या आणि मग त्यांनी सही केली, असं कळलं. माझा कागद फाईलमध्ये नाही. मी बाईंपाशी गेले. माझी सही आहे म्हणजे मीच केली असणार, म्हणाल्या, आणि उजवा हात पांघरुणाखाली घेतला. नकार लिहून मी त्यांचं भलं केलं की वाटोळं?

सोमवार, १०
जुन्या फाइली उपसल्या. अकरा वर्षांत एकही नकार नाही.

सिस्टरांना विचारलं. त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. जो हो म्हणतो त्याला समजलेलं असतं. जो नाही म्हणतो त्याला अजून समजत नसतं, म्हणून तर औषध द्यायचं. समजायला लागलं की तो सही करतो. त्यातूनही नाहीच केली, तर नातेवाईक करतात.

मंगळवार, ११
डॉक्टरांकडे गेले. खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. जीव भांड्यात पडला. मग त्यांनी विचारलं, झोप लागते का. मी खरं ते सांगितलं, तीन दिवस नाही, ती सही डोळ्यांपुढून हलत नाही. सतत दिसते का, म्हणाले आणि लिहून घेतलं. घरी कोण असतं ते विचारलं. दादाचा नंबर मीच दिला. गाढव! गाढव आहे मी!

बुधवार, १२
सकाळच्या गठ्ठ्यात सतरा फॉर्म. सोळाव्यावर माझं नाव.

आधी वाटलं कुणीतरी चेष्टा केली. पण गोळीचं नाव आहे, मात्रा आहे, खाट क्रमांक बारा आहे. सिस्टर म्हणाल्या, तुम्हाला तर वाचून दाखवायचीही गरज नाही. मी मोठ्या अक्षरात ‘नको’ लिहिलं. लिहिलं आणि मग कळलं, काय करून बसले.

गुरुवार, १३
राजीनामा घेत नाहीत. या अवस्थेत माणसाने मोठे निर्णय घेऊ नयेत म्हणे. फाटकाशी अडवलं. फोन सिस्टरांकडे — जपून ठेवलाय म्हणतात.

शुक्रवार, १४
खाट बारा. दादाला बोलावलंय, म्हणून इंजेक्शन थांबवलंय. माझ्या जागी नवीन बाई आली. हसरी आहे. तिने शेवटचं पान पुढे केलं फक्त. मी नको म्हटलं, शांतपणे. तीनदा. आपण दोघी मिळून ओरडू, असं अकराच्या बाईंना सांगितलं. ओरडलेलं फाईलमध्ये जातं, म्हणाल्या. भिंतीकडे तोंड करून.

शनिवार, १५
दादा आला. काचेपलीकडे आहे, ऐकू जात नाही. रडतोय. मी हसते — नको, हसलेलंही लिहितील — नुसती बसते.

फॉर्म पुढे ठेवला त्याच्या. चारही पानं. वाच रे दादा. चष्मा काढला खिशातून! वाचेल, वाचल्याशिवाय तो कधी —

नाही. डोळेच पुसले. चष्मा परत खिशात. ती नवीन बाई बोटाने दाखवतेय, इथे म्हणून —

दादा, इकडे बघ. मला समजतंय. सगळं समजतंय, म्हणून तर नको म्ह—