कुंकू लावायला काढलेला टोप

मेल्यावर तरी तुमचा हट्ट संपेल असं वाटलं होतं. कुठला संपतोय! कारखान्यात काही बोलायला जावं तर सगळे तुमच्या तसबिरीकडे बोट दाखवतात. ज्यांना बोटं उरली आहेत, ते दाखवतात.

अहो,

नमस्कार नंतर. आधी ऐका. गेल्या शुक्रवारी आपल्या कन्नननं डाव्या हाताची दोन बोटं गोल करवतीत घालवली. रेडिओच्या पेटीची बारीक पट्टी कापत होता. पट्टी संपत आली आणि हात पात्यावर गेला. पात्यावर लोखंडी टोप असता तर हात तिथं पोचलाच नसता. टोप कुठं होता? फळ्यांच्या मागं गंजत पडलेला. आयुधपूजेला काढलेला.

कुणी काढला होता हो?

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत शेड मिळाली, करवत आली, आणि पहिल्याच आयुधपूजेला पात्याला गंध-कुंकू लावायचं म्हणून तुम्ही टोप काढलात. काढा ना, कोण नको म्हणतंय? पूजा झाल्यावर परत बसवायला काय झालं होतं? तर म्हणे, "पूजलेल्या आयुधाचं तोंड झाकू नये." कुठल्या शास्त्रात आहे हे? तंजावरला मामंजी हातकरवत पूजायचे. तिला मेलीला टोप होताच कुठं! तुम्ही आपलं बोलून गेलात, आणि सुतारांनी ते देवाचं वाक्य करून ठेवलं.

कन्ननला बघायला सरकारी आस्पत्रीत गेले. हाताचं हे एवढं गाठोडं! तरी मला बघून हसला. "पाट्टी, रडू नका, भात उजव्या हातानंच खातो मी." आजी म्हणतो आणि थट्टा करतो! मी रडत नव्हतेच. म्हटलं, "मेल्या, टोप का नाही लावलास?" तर म्हणतो, "मोठ्या मेस्त्रींनी कधी लावला? सगळी बोटं शाबूत घेऊन गेले ते. आम्ही लावला तर भित्रे ठरू."

त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "त्याच सकाळी यांच्याकडून मशीनपुढं लिंबू ठेववलं होतं पाट्टी, तरी असं कसं झालं?" काय सांगू तिला? लिंबू बघून पातं थांबतं का?

तुमची शाबूत बोटं! आणि त्या खाकी सदऱ्याचं काय? बाही पार कोपरापर्यंत फाटलेली. पात्यानं ओढली होती. घरी येऊन पाणीसुद्धा न पिता तुम्ही नुसते बसून राहिलात. मग म्हणालात, "कारखान्यात कळू देऊ नकोस, मेस्त्रीचा वचक जाईल." वचक राहिला. कन्ननची बोटं गेली. ते तुमचं कसब नव्हतं, नशीब होतं. काल सगळ्या सुतारांसमोर हे सांगून आले. राग आला? येऊ दे.

चांगले कारागीर होतात, नाही कोण म्हणतंय? तुमच्या हातच्या कपाटाचं दार ऐन पावसातही फुगत नाही. ते शिकवायचं होतं त्यांना. नको ते शिकवलंत.

आता तुमचा राघव. कन्नन नाही, पेट्या तर द्यायच्या आहेत, म्हणून सोमवारपासून स्वतः करवतीवर उभा राहणार. जेवताना म्हटलं, "आधी टोप बसव." म्हणतो, "आई, टोपामुळं रेघ दिसत नाही, काम मागं पडतं." म्हटलं, "मग कन्ननचं आता फार पुढं गेलं असेल!" सून पदराआड हसली. हा चिडला. "बाबांनी कधी..." एवढंच म्हणाला आणि सांबार-भात टाकून उठला.

त्याला काही सांगायला जावं तर मध्ये तुम्ही उभे. बाजूला व्हा की जरा! पोटचा मुलगा आहे तो माझा. त्याच्या हाताला फडकं बांधायचं नाही मला.

नातीला मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. म्हणून हे माझ्याच वाकड्या अक्षरात. राघवच्या जेवणाच्या डब्याखाली ठेवणार आहे, म्हणजे त्यालाही वाचता येईल.

आणि शब्द देते तुम्हाला. सोमवारी सकाळच्या गाडीनं मांबलमहून गिंडीला जाणार. करवतीच्या खटक्यापुढं स्टूल टाकून बसणार. टोप बसल्याशिवाय उठणार नाही. म्हातारीला ढकलून मशीन चालू करायची कुणाची छाती आहे बघू. पट्टी पुढं सारायला काठी घेऊन जाते. कापायची तर काठी कापू दे. पुढच्या आयुधपूजेला कुंकू मी टोपालाच लावीन. देवीला चालतं. न चालायला ती काय मेस्त्री आहे?

तुमची,
कावेरी

राघव, इथवर वाचलंस ना? हे काही उत्तर देणार नाहीत. उत्तर तू द्यायचंस, तोंडानं नव्हे, टोप बसवायचा पाना हातात घेऊन, खटका दाबायच्या आधी.