सात पाण्यांचं पातेलं

देरा, दुबई
ता. १२ नोव्हेंबर १९६७

रशीदाच्या बाबांना अन्वरीचा सलाम.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. रशीदाचा खोकला गेला. खोर फक्कानची हवा तुम्हांला चांगलीच मानवलेली दिसते, कारण महिना झाला तरी घराची आठवण नाही.

तुमची चिठ्ठी तुमचा माल सांभाळणाऱ्या यूनुसभाईंनी आणून दिली. "तू घर नापाक केलंस. पुढच्या बोटीने गावी जा. रशीदाला माझ्या आईकडे सोड आणि तू माहेरी जा." वाचून अंगाची लाही लाही झाली. काय झालं, का झालं, एका शब्दाने विचारलं नाहीत. यूनुसभाईंनी कान भरले आणि तुम्ही हुकूम सोडलात.

तर ऐका. त्यांनी पाहिलं ते खरं आहे. मी अंगणात पातेलं घासत होते, एकदा मातीने, सहा वेळा नुसत्या पाण्याने, आणि मोठ्याने मोजत होते. शेजारच्या पठाणणीला त्यातलं काही कळलं नसतं, त्यांच्या हनफींत तीनदा धुतलं की झालं. आपल्या कोकणातल्या माणसाला माती आणि "सात" एवढं पुरे. डुक्कर शिजलेलं भांडं आपल्यात असंच पाक करतात ना? लपवायचं असतं तर पातेलं खाडीत फेकलं असतं. मी बावळट, शरियत पाळायला गेले आणि त्यातच पकडले गेले.

पलीकडच्या खोलीतली रेमी, ती फिलिपीनची नर्स, टायफॉइडने महिनाभर पडून होती. ताप उतरला पण अन्न जाईना. पेज केली, कोंबडीचं पाणी केलं, सगळं उलटून पडलं. तिला तिच्या आईच्या हातचा तो एकच रस्सा हवा होता. तिच्या गावच्या एका खलाशाने जहाजावरून मांस आणून दिलं. तिच्या खोलीत चूल नाही. तिला उभंही राहवेना.

मी हो म्हटलं. चिमट्याने उचललं, हात लावला नाही. लसूण लाल केली, कांदा टाकला, मांस शिजवलं, वर घोसाळ्याच्या फोडी. रेमी दारात खाटेवर पडून सांगत होती.

"अब मिस्वा डालो, सिस्टर."

मिस्वा म्हणजे त्यांच्या बारीक शेवया. त्या इथे कुठे मिळणार?

आता यूनुसभाईंनाही माहीत नाही ते सांगते. तुमच्या आईने ईदसाठी वळून पाठवलेल्या शेवया मी डब्यातून काढल्या आणि त्यात टाकल्या. त्या बघून रेमी रडायला लागली. "जल्दी निकालो, गल जाएगा," रडता रडता म्हणाली. मी चाखलं नाही. मीठ अंदाजाने घातलं, ते कमी पडलं. तरी तिने दोन वाट्या संपवल्या आणि एकही उलटली नाही.

आईंना खुशाल कळवा. मला त्याची लाज वाटत नाही.

का केलं, हे विचारायची तुमची हिंमत नाही. कारण उत्तर तुम्हांला माहीत आहे. गेल्या वर्षी सफरच्या महिन्यात आपला मुलगा झाला तेव्हा तुमचा निरोप आला होता, लाँच रिकामी करून येतो. तो दोन दिवस जगला. ते दोन्ही दिवस रेमी तिच्या खोलीवर गेली नाही. तिच्या मांडीवरच त्याने शेवटचा श्वास सोडला. तुम्ही अकराव्या दिवशी आलात आणि आधी माल भिजला का ते यूनुसभाईंना विचारलंत. मी तेव्हा गप्प राहिले. फार मोठी चूक केली.

मी बोटीत बसणार नाही. रशीदा माझ्यापासून हलणार नाही. तुम्हांला तलाक द्यायचा असेल तर यूनुसभाईंच्या हाती चिठ्ठी पाठवू नका, इथे येऊन माझ्या तोंडावर द्या.

आणि याल तेव्हा थोडा वेळ काढून या. मुलाच्या कबरीवर दगड नाही. मी बाळंतीण खाटेवर होते, मयतीच्या मागून रेमी गेली होती, तिनेच मला नंतर नेऊन जागा दाखवली. वर्ष होऊन गेलं, ती जागा कुठे आहे हे तुम्ही मला अजून विचारलेलं नाही.

रशीदाची आणि त्याची आई,
अन्वरी