लाल लोकर

१२ ऑगस्ट २०२०, डँडेनॉन्ग
लॉकडाऊन, सेशनची खोली पुन्हा बंद. दोऱ्या, पट्टे कपाटात. पैसे घेऊन माणसांना त्यांच्याच मर्जीने बांधते मी, पण लोकांना फिजिओ म्हणून माहीत, त्यामुळे एका मैत्रिणीशिवाय बोलायलाही कोणी नाही. म्हणून टोपणनावाने ब्लॉग, मराठीत. इथे मराठीत कोण वाचतंय असलं?
आज के.वर लिहिलं. चार वर्षं दर गुरुवारी येणारा क्लायंट. नाव बदललं, इंजिनिअरचा डॉक्टर केला, मेलबर्नचं सिडनी. तासभर गुडघे टेकून गप्प बसायला येणारा माणूस, आणि येताना माझ्यासाठी बायकोच्या पुडाच्या वड्या, डब्याला लाल लोकर बांधलेली. जमलंय. खूप दिवसांनी बरं वाटलं.

१५ ऑग.
मीनलचा फोन. माझं खरं काम आणि ब्लॉगही माहीत असलेली एकटीच मैत्रीण. "अगं, तुझा ब्लॉग आमच्या लेडीज ग्रुपवर फिरतोय."
म्हटलं, नावगाव सगळं बदललंय.
"लोकर बदललीस का? तसे डबे इथे फक्त अनघा देते. आणि ती ग्रुपवरच आहे."
अनघा म्हणजे के.ची बायको. मी गप्प. त्या गप्प बसण्यानेच मीनललाही कळलं. म्हणजे दुसऱ्यांदा सांगितलं मी.
ब्लॉग उडवला. स्क्रीनशॉट कसे उडवू?

१६ ऑग.
गाठ मारण्याआधी तीनदा विचारते मी. चालेल? घट्ट होतंय? थांबू? थांबायचा शब्दही त्यानेच निवडलेला: तुरटी. ऐकला की हातातलं सगळं सोडायचं. त्याने कधीच वापरला नाही.
लिहिताना मात्र एका मेसेजनेही विचारलं नाही. नाही म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नाही. स्वतःची किळस येतेय.

१९ ऑग.
के.ला कळवायला हवं. पण दोघंही घरातच कोंडलेले, फोन तिच्या हातात पडला तर? मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला.
मीनल : "तू प्लीज काही करू नकोस आता."
मी विचारलं, अनघा ग्रुपवर काय म्हणाली?
"काहीच नाही. रोज गुड मॉर्निंग टाकायची, तेही बंद."
जेवण जात नाही.

२२ ऑग., गणेश चतुर्थी
झूमवर इथल्या मराठी लोकांची आरती. नाही गेले तर संशय, म्हणून गेले. अनघाच्या चौकोनात अनघा एकटीच. के. नाही. कोणीतरी विचारलं, "यंदा वड्या कधी, अनघा?"
"सोडल्या करायच्या," म्हणाली.
कोणाचा तरी माईक चालू होता. हसू ऐकू आलं. मी कॅमेरा बंद करून रडले.

२४ ऑग.
सकाळी के.चा मेसेज. एकच शब्द.
तुरटी.
खोलीत असतो तर तत्क्षणी दोरी कापली असती, कात्री कायम हाताशी ठेवते. आता काय सोडू? माझ्या हातात काही उरलेलंच नाही.
वाचल्याच्या निळ्या खुणा त्याला दिसल्या असतील. तो ऑनलाइन आहे अजून. वाट बघतोय.