बाही वर करून

प्रिय रविकांत,

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय आणि टाळतोय. तुझा फोन लागत नाही. हैदराबादचा पत्ता तुझ्या वडिलांनी, रामकिशनकाकांनी, तोंडपाठ सांगितला.

सध्या मी डॉक्टर मंजुश्री मॅडमची जीप चालवून राहिलो. वृद्धाश्रमांत जाऊन फ्लूची लस द्यायचं त्यांचं काम. त्याआधी रेणापूरला एका मंडपवाल्याकडं होतो. तिथं भर लग्नात मंडपात रेडा शिरला होता, लई मजा. पण ते राहू दे.

नायगावच्या आश्रमात झाडून सगळ्यांनी लस घेतली. तिथल्या व्यवस्थापक तारामतीबाई सकाळच्या चहालाच ज्याला त्याला विचारतात, घ्यायची का म्हणून. हणमंतराव सुई बघून मागं सरले, तर नागुबाई म्हणाल्या, हळद लावा रे याला, नवरदेव लाजून राहिला. सगळे हसले, आणि हणमंतरावांनी दंड पुढं केला.

चाकूरहून मात्र लशीची पेटी जवळपास भरलेलीच परत आली. काका तिथं आहेत हे तुला सांगायला नको. तिथले व्यवस्थापक दयानंदराव वाईट नाहीत. मागं एका आजोबांना लशीनंतर रात्रभर कणकण राहिली, तर त्यांच्या मुलानं येऊन तमाशा केला. तेव्हापासून मुलाचा होकार आल्याशिवाय ते कुणाला टोचू देत नाहीत. मुलं म्हणतात, बघतो, कळवतो. काही तर फोनच उचलत नाहीत. काका बाही वर करून बसले होते. मागच्या हिवाळ्यात फ्लूनंच ते लातूरला ऑक्सिजनवर होते, रव्या. तुला कळवू नका म्हणाले, त्याची नोकरी नवी हाय. आम्ही निघताना मॅडमला एवढंच म्हणाले, "दंड माझा हाय बाई. त्याला कशाला इचारता?"

म्हणून हे पत्र. दयानंदरावांना एक फोन कर, हो म्हण. उरलेल्या लशी आज परत नायगावच्या आश्रमात बसून गावातल्या म्हाताऱ्यांना देऊन संपवतोय, पण काकांसाठी एक राखून ठेवायला मॅडमना सांगितलंय.

इथवर लिहिलं आणि फाटकाशी गलका झाला. बघतो तर काका. दोन गाड्या बदलून आलेत, हातात कपड्यांची पिशवी. आज आम्ही इथं असणार हे मीच त्यांना बोलून बसलो होतो. मॅडमनी त्यांनाच विचारलं, घ्यायची का. हाव म्हणाले. बाही आधीच वर होती. आता तारामतीबाई त्यांना रिकामी खाट दाखवून राहिल्यात. तेव्हा होकार राहू दे. भेटायला आलास तर चाकूरला उतरू नको, नायगावला ये.

तुझाच,
धम्मानंद